मालक कुठं बसायचा?

मुंबईत गावदेवीला एका जव्हेऱ्याचं घर आहे. जग त्याला गांधीजींचं घर म्हणून ओळखतं. तीर्थपुरीहून मी ते बघायला गेले आणि येताना एक प्रश्न घेऊन आले. खरं तर प्रश्न माझा नाहीच, आबांचा आहे.

मोबाइलवरचा फोटो आबांनी डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. काचेपलीकडची एक खोली. खाली पांढरी गादी, शेजारी चरखे. मला वाटलं, आता म्हणतील, "अरे वा, गांधीबाबाची खोली!"

ते म्हणाले, "मालक कुठं बसायचा?"

"कुणाचा मालक, आबा?"

"घराचा. तू म्हणलीस ना, व्यापाऱ्याचं घर हाय म्हणून. मग ही गादी त्याची का पाहुण्याची?"

"पाहुण्याची."

"मग त्याची कुठंय?"

मी गप्प. आबांनी मोबाइल परत दिला. "पेपरात लिहायलीस आन् एवढं इचारलं न्हाईस?"

आता आबांनाच हा प्रश्न का पडावा, ते सांगते. माझे आजोबा मापाडी होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी व्यापाऱ्याच्या दारात काट्यापाशी उभं राहून काढली. त्यामुळे अशा घराकडे बघायची त्यांची नजरच वेगळी. आपण नक्षीचे खांब बघतो, सेल्फी घेतो. ते बघतात, माल कुठून आत यायचा आणि पैसा कुठून बाहेर जायचा.

आमच्याकडच्या पेठेतलं जुनं घर म्हणजे रस्त्याला लागून ओटा, दारातून आत शिरलं की ढेलज, मग चौक, चौकाच्या भोवती सोपे. जाड मातीच्या भिंती, वर माळवद. धान्याला भिंतीतली बळदं नाहीतर जमिनीतलं पेव. आणि या सगळ्यात शेठजींची गादी अशा जागी, की बसल्या बसल्या दारातली बैलगाडी पण दिसावी आणि चौकातलं पोतं पण. "शेठ गादीवर हायेत का?" म्हणजे धंदा चालू आहे का, असा सरळ अर्थ. घर आणि दुकान यांच्यामध्ये भिंत नव्हतीच. होती ती फक्त नजर.

हे घर बदलतं कसं? एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं. आधी ओट्याचं दुकान होतं. मग दुकानाला शटर लागतं. एका पावसाळ्यात माळवद गळतं, त्यावर पत्रे येतात. भाऊ वेगळे होतात आणि चौकातून एक भिंत वर चढते. शेवटी सागवानी तुळया विकल्या जातात, स्लॅब पडतो, आणि खाली मोबाइल रिपेअरिंग, वर टू बीएचके. यात चूक कुणाची नाही. गळक्या माळवदाखाली राहून बघा, मग हेरिटेजवर बोलू. पण कुठला बदल कधी झाला, हे विचारलं की उत्तरं येतात ती अशी: "रोड झाला तवा", "आमचं बारकं झालं त्या साली", "तुझ्या बापाच्या लग्नाच्या आधी". पुरवणीच्या ताईंनी 'जुन्या घराची स्टोरी कर, पण तारखा पाहिजेत' असं सांगितलेलं. बापाच्या लग्नाच्या आधी, ही काही छापायची तारीख नाही.

म्हणून मी असं घर शोधलं, जे व्यापाऱ्याचं होतं आणि ज्याच्या तारखा पक्क्या आहेत.

लॅबर्नम रोड, गावदेवी

जालन्यातून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, सकाळी दादर, तिथून लोकलनं ग्रँट रोड. मग पायी. लॅबर्नम म्हणजे आपला बहावा. रस्त्याचं नाव एवढं देखणं असेल तर रस्ता पण शांत असतो, असं काही मुंबईत सहसा घडत नाही. इथं घडतं. याच रस्त्यावर 'मणी भवन'. तळमजला आणि वर दोन मजले, रस्त्याकडे तोंड केलेले सज्जे. जव्हेऱ्याच्या घराला नाव पण शोभलंय.

जव्हेऱ्याचं नाव रेवाशंकर जगजीवन झवेरी. पाठ्यपुस्तकात मला हे नाव कधी भेटलं नाही. तुम्हाला भेटलं असेल तर कळवा.

गांधीजी 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा डॉ. प्राणजीवन मेहता त्यांना आपल्या घरी घेऊन गेले. हे डॉक्टर रेवाशंकर यांचे भाऊ. तिथंच त्यांची रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांशी ओळख झाली. ज्यांचा आपल्या मनावर सगळ्यात खोल ठसा उमटला, त्यांत गांधीजी ज्यांची गणना करतात ते हे रायचंदभाई. आणि ते भागीदार कुठं होते? 'रेवाशंकर जगजीवन' या जवाहिऱ्यांच्या पेढीत. हिरे-मोती पारखायचे आणि हातातलं काम संपलं की धर्माची वही उघडायची, असा हा माणूस.

पुढं 1902 मध्ये गांधीजी वकिलीसाठी मुंबईत राहिले. गिरगावात घर घेतलं. तिथं मुलगा मणिलाल टायफॉइडनं आजारी पडला. तो बरा झाल्यावर लक्षात आलं, की घर ओलसर आहे, उजेड नाही. मग सल्ला कुणाचा घेतला? रेवाशंकरभाईंचा. आणि शोधत शोधत सांताक्रूझला हवेशीर बंगला घेतला. म्हणजे गांधीजींच्या गोष्टीत हा व्यापारी पहिल्यापासून घराच्याच कामासाठी येतो. भाड्याचं घर शोधताना ज्याला फोन करतो ना आपण, तसा.

1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की मुक्काम मणी भवनात. सतरा वर्षं! आमच्याकडे पाहुणा तिसऱ्या दिवशी जड होतो म्हणतात.

पिंजाऱ्याला हाक

या घरात पहिला बदल झाला तो आवाजाचा, असं मला वाटतं. त्याची गोष्ट गांधीजींच्या आत्मकथेत आहे. आश्रमात सूत काढायला सुरुवात झालेली, पण मुंबईत पेळू मिळेना. रेवाशंकरभाईंच्या घरावरून रोज एक पिंजारी आपल्या धनुष्याची तात वाजवत जायचा. गांधीजींनी त्याला वर बोलावलं. तो गाद्यांसाठी कापूस पिंजायचा. पेळूसाठी पिंजून द्यायला तयार झाला, पण दर चढा सांगितला. गांधीजींनी दिला.

ही गोष्ट सांगितल्यावर आबा खूश. "त्यानं बरोबर केलं. गिऱ्हाईक दिसलं की भाव सांगावाच." आमच्या लहानपणीसुद्धा गल्लीत पिंजारी यायचा. आवाज आला की आई जुनी गादी बाहेर काढायची आणि आम्ही पोरं उडणाऱ्या कापसात नाचायचो. कापूस आमच्या भागाचा जीव. 1900 च्या सुमाराला निजामाच्या राज्यातून मनमाडला जाणारी रेल्वे जालन्यावरून सुरू झाली आणि इथल्या मालाला मुंबईची वाट सोपी झाली. त्या मुंबईत, एका जव्हेऱ्याच्या दिवाणखान्यात, एक माणूस परत हातानं सूत काढायला शिकत होता. हिऱ्याच्या घरात कापूस आला.

बिनपरवान्याचा पेपर

मास कॉमच्या पोरांनो, हा भाग नीट वाचा. आपल्याला 'प्रेस लॉ' नावाचा पेपर असतो आणि त्यात 2024 पर्यंत लागू असलेला 1867 चा कायदा पाठ करावा लागायचा: छापायचं असेल तर आधी सरकारदरबारी नोंद करा. मणी भवनात गांधीजींनी नेमका हाच कायदा मोडायला घेतला.

रौलट कायद्याविरुद्ध 6 एप्रिल 1919 ला हरताळ झाला. सरकारनं बंदी घातलेली पुस्तकं त्या संध्याकाळी मुंबईत उघड विकली. विकायला बाहेर पडले स्वतः गांधीजी आणि सरोजिनी नायडू. दुसऱ्या दिवशी, 7 एप्रिलला, 'सत्याग्रही' नावाचं साप्ताहिक पत्रक निघालं. नोंदणी नाही. किंमत एक पैसा. वाचकांना विनंती अशी, की वाचा, हातानं नक्कल करा आणि मित्रांना द्या, त्यांनाही नक्कल करायला सांगा. थोडक्यात, शेअर अँड फॉरवर्ड, फक्त बोटं दुखेपर्यंत.

आणि संपादक म्हणून नाव छापलंय मोहनदास करमचंद गांधी, पत्ता लॅबर्नम रोड, गावदेवी, मुंबई.

इथं मी थांबले. नाव गांधीजींचं होतं, पण पत्ता जव्हेऱ्याचा! जवाहिऱ्याचा धंदा पूर्ण विश्वासावर चालतो. त्याच्या तिजोरीत लोकांचा ऐवज असतो. दारात पोलिस येणं अशा माणसाला कुणापेक्षाही महाग पडतं. तरी सरकारविरुद्धच्या बेकायदा पत्रकावर आपल्या घराचा पत्ता जाऊ दिला. एखाद्या भिंतीला भगदाड पाडणं सोपं. हा बदल त्याहून मोठा होता, आणि त्यासाठी एक वीटसुद्धा हलली नाही.

पुढची यादी आता भरभर सांगते, कारण ती तुम्हाला भिंतीवरच्या फलकांवर वाचता येईल. नोव्हेंबर 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवरून मुंबईत दंगल उसळली. शांततेसाठी गांधीजींनी 19 नोव्हेंबरला उपोषण सुरू केलं. 1931 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका झाल्या. डिसेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेहून हात हलवत परत आल्यावर गच्चीवर तंबूत मुक्काम, आणि 4 जानेवारी 1932 ला पहाटे त्याच गच्चीवरून अटक. कायदा कुठला लावला माहितीये? 1827 चा मुंबई रेग्युलेशन पंचवीस. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा. खटल्याची गरज नाही. सरकारी कपाटातून जुनं काहीच फेकून देत नाहीत, हेच खरं.

14 ऑगस्ट 1931

पण एका तारखेला भरभर ओलांडून जाता येत नाही.

त्या दिवशी दुपारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मणी भवनात आले. गांधी आणि आंबेडकर यांची ही पहिली भेट. बाबासाहेबांचा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह चार वर्षांपूर्वीच होऊन गेलेला. पहिल्या गोलमेज परिषदेला ते जाऊन आलेले. तरीही गांधीजींना तेव्हा हे माहीत नव्हतं, की आंबेडकर स्वतः अस्पृश्य समाजातले आहेत. कुणी कळवळ्याचा ब्राह्मण असेल, असं त्यांना वाटत होतं. हे त्यांनीच पुढं सांगितलं. बोलणं ताणलेलं झालं. मायभूमीच्या गोष्टी निघाल्या तेव्हा बाबासाहेब सरळ म्हणाले, की मला मायभूमीच नाही. जिथं कुत्र्या-मांजरापेक्षा वाईट वागवलं जातं, प्यायला पाणी मिळत नाही, ती भूमी आपली कशी म्हणू?

हे वाक्य आपण भाषणात ऐकलेलं असतं. पण ते *घरात* म्हटलं गेलं, हे मला तिथं उभी राहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं. जरा वर्षं जुळवून बघा. 1917. त्या वर्षी गांधीजींना मुंबईत मणी भवनाचं दार उघडलं. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि त्यांना त्या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, जात कळल्यावर लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. एकाला पाहुणा म्हणून अख्खा मजला, दुसऱ्याला पैसे देऊनही कोपरा नाही. चौदा वर्षांनी हे दोघं समोरासमोर बसले ते एका व्यापाऱ्याच्या घरात.

पुढं थोड्याच वर्षांत बाबासाहेबांनी दादरला, हिंदू कॉलनीत, स्वतःचं घर बांधलं. राजगृह. ते मुख्यतः पुस्तकांसाठी बांधलं होतं, हे तुम्हाला माहीत आहेच. मणी भवन बघायला जाल तर त्याच दिवशी दादरला पण उतरा. एक घर दुसऱ्याशिवाय पुरतं कळत नाही, असं माझं मत आहे.

काच

1955 मध्ये हे घर गांधी स्मारक निधीकडे आलं आणि संग्रहालय झालं. खऱ्या अर्थानं 'बदल' इथून सुरू झाले. तळमजल्यावर ग्रंथालय आलं. हे माझं सगळ्यात आवडतं, कारण तिथं माणसं खरोखर वाचत बसलेली होती. पहिल्या मजल्यावर सभागृह. वर छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून गांधीजींचा जीवनपट. हिटलरला आणि रूझवेल्टला लिहिलेल्या पत्रांच्या प्रती. ज्या खोलीत गांधीजी राहायचे, तिला काच. 1959 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर इथं आले होते, 2010 मध्ये बराक ओबामा. त्या काचेसमोर आता शाळेच्या सहली थांबतात. माझ्यापुढं एक मुलगा काचेला नाक लावून उभा होता. बाईंनी त्याला मागं ओढलं आणि काचेवर नाकाचा गोल ठसा राहिला.

घर वाचलं हे नक्की. गांधीजी मुक्कामाला राहिले नसते तर त्या जागी आज कदाचित टॉवर असता. पण आबांच्या प्रश्नानंतर मी माझे सगळे फोटो परत चाळले. त्रेसष्ट फोटो. त्यात गांधीजींची गादी आहे, चरखे आहेत, पत्रं आहेत, गच्ची आहे. रेवाशंकरभाई कुठं बसायचे, हिशेबाच्या वह्या कुठं ठेवायचे, जेवायला कुठल्या खोलीत पंगत बसायची, ते काही मला सापडत नाही. कदाचित माझ्याच नजरेतून सुटलं असेल. कारण मी पण शोधायला गेले होते ते गांधीजींनाच.

आणि सतरा वर्षं त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ होती, तर चहा-पाणी कोण बघत होतं? कार्यकारिणीच्या बैठकीला भांडी किती लागायची? ज्या बायकांच्या स्वयंपाकघरावर हा सगळा इतिहास उभा राहिला, त्या जिन्यावरून उतरताना काय म्हणत असतील? "आज किती ताटं?" हेच ना? घर जेव्हा स्मारक होतं तेव्हा सगळ्यात आधी स्वयंपाकघर जातं. आमच्या गावात घर पाडतात तेव्हाही चुलीची भिंतच आधी जाते, कारण ती मागच्या बाजूला असते आणि रस्त्यावरून दिसत नाही.

तीर्थपुरीत घराचा मालक लक्षात राहतो आणि घर जातं. गावदेवीत घर राहिलं आणि मालक गेला. यातलं बरं कुठलं, मला सांगता येत नाही. आबांना विचारलं तर म्हणाले, "दोन्ही ठिवायचं की. जागा काय लागती?"

कॅलेंडरची मागची बाजू

खरंच, जागा काय लागते? मी मागच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान फाडलं, मागची कोरी बाजू आबांपुढं ठेवली आणि हातात पेन दिला. ज्या घरात त्यांनी मापाडीपण केलं, ते आता समोरून चार शटर आणि मागून पत्रा आहे. पण आबांना आतलं सगळं पाठ. त्यांनी आधी रस्ता काढला, मग ओटा. ओट्याला तीन पायऱ्या. ढेलजेत काटा, म्हणजे एक फुली. चौक म्हणून एक वाकडा चौकोन. शेठजींची गादी उजव्या सोप्यात, खांबाला पाठ लावून. सरकी डावीकडं. हिशेबाच्या वह्यांचं फडताळ गादीच्या मागं, कुलूप पितळी.

"आन् इथं," म्हणत त्यांनी काट्याच्या फुलीशेजारी एक बारीक टिंब दिलं. "इथं मी."

मग आजी चष्मा शोधत आली. तिनं कागद उलटा धरून बघितला, सुलटा केला आणि म्हणाली, माजघर कामून काढलं न्हाई? "मी कवा आत गेलतो माजघरात?" आबा. "मी गेलते," आजी म्हणाली, "हळदी-कुंकवाला." आणि पेन हिसकावून तिनं मागच्या बाजूला चूल काढली, पाण्याचा रांजण काढला, आड काढला. आडाशेजारी पेरूचं झाड पण. ते मापात बसत नव्हतं, म्हणून कागदाच्या कडेला गेलंय.

पानावर मी तारीख घातली, दोघांची नावं घातली. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय. जिना नेमका कुठं होता, यावर मात्र दोघांचं अजून जमलेलं नाही.